गाडी पंचवीसच्या पुढं जाईना गेलीय? कंट्रोलर बदलायच्या आधी एवढं तपासा

गंगाखेड रोडवरच्या एका गावातून एक मामा रोज परभणीत दूध घालायला येतात. दोन कॅन मागे, एक पुढे पायाजवळ. पासिंगची इलेक्ट्रिक स्कूटर, साठ व्होल्टची, बारा-बारा व्होल्टच्या पाच बॅटऱ्या, मागच्या चाकातच बसवलेली हब मोटर. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनी गाडी दुकानासमोर लावली आणि उतरायच्या आधीच म्हणाले, "भाऊ, हिला कंट्रोलरच पुरंना गेलेत. एक बदलला, तरी तेच. आता तिसरा टाका."

"होतंय काय?"

"पंचवीसच्या पुढं जाईना गेलीय."

"कधी?"

"तीच तर गंमत हाय. येताना भरल्या कॅननं पन्नास पळती. जाताना कॅन रिकामे, तरी पंचवीस."

हे वाक्य मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं, कारण अर्धं उत्तर त्यातच होतं. दमलेली गाडी ओझ्याखाली दमते. ही ओझं घेऊन पळत होती आणि मोकळी झाली की चालत होती. म्हणजे ती दमलेली नव्हती, तिला कुणीतरी हळू चालायला सांगत होतं.

माझा मूळ धंदा मोटारी भरायचा, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायचा. शेतीपंपाच्या इतक्या मोटारी भरल्या की एक गोष्ट अंगात मुरली: मोटार जळाली म्हणून शेतकरी येतो, पण मोटार हा बहुतेक वेळा बळी असतो, खरं कारण दुसरीकडंच असतं. एक फेज गेलेला असतो, नाहीतर व्होल्टेज पडलेलं असतं. गाड्यांच्या कंट्रोलरचंही, म्हणजे बॅटरी आणि मोटरच्या मध्ये बसून वेग सांभाळणाऱ्या पेटीचंही, तेच झालंय. वेग अडला की पहिला बळी कंट्रोलरचा जातो, आणि जुना चांगला कंट्रोलर भंगारात.

चाक हवेत धरा

वेग अडण्याच्या तक्रारी दोनच जातीच्या असतात. एकीत गाडीला ताकद कमी पडते. दुसरीत ताकद भरपूर असते, पण कंट्रोलरला वेग रोखायचा हुकूम मिळालेला असतो. लक्षण बाहेरून सारखंच दिसतं, म्हणून लोक फसतात. वेगळं काढायला एक पैसा लागत नाही.

गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक जमिनीपासून पूर्ण सुटलेलं असू द्या. जवळ पोरंबाळं नकोत. ओढणी, उपरण्याचं टोक चाकाजवळ नको. मोड सगळ्यात वरचा ठेवा, रेस हळूहळू पूर्ण पिळा आणि मीटरवरचा आकडा बघा. चार-पाच सेकंद पुरेत, हवेत चाक गरगर फिरवत बसू नका.

रस्त्यावर पन्नास जाणाऱ्या गाडीचं चाक हवेत साठ-पासष्टपर्यंत जायला हवं. गेलं, तर वेग रोखायचा हुकूम कुठूनही आलेला नाही; रस्त्यावर गाडी अडते ती ताकदीपायी. मग बॅटरी, उष्णता, घासणारे ब्रेक, हवा कमी असलेला टायर यांच्याकडं बघायचं. पण चाक हवेतसुद्धा पंचवीस-तिसाला अडत असेल, तर बॅटरीला हात लावू नका. हवेतल्या चाकाला ताकद लागतेच किती? तिथंही ते अडतंय म्हणजे रेसचा निरोप अर्धवट पोचतोय, मोडचं बटण अडकलंय, नाहीतर लिमिटची, म्हणजे वेग बांधायची, वायर जोडली गेलीय.

तिसरा प्रकार म्हणजे चाक गुरगुरतं, थरथरतं, कधी सुटायलाच नखरे करतं. ते हॉल सेन्सरचं (चुंबक जवळ आलं की ओळखणारा) किंवा फेज वायरचं (कंट्रोलरमधून मोटरला करंट नेणाऱ्या तीन वायरी) प्रकरण, त्याबद्दल पुढं.

मीटरवर भरवसा ठेवायच्या आधी आणखी एक बघा. स्वस्त गाड्यांत मीटरला वेगाची खूण मोटरच्या एखाद्या फेजवरून किंवा कंट्रोलरच्या वायरवरून मिळते. बाजारातला दुसरा कंट्रोलर बसवला की कधी कधी मीटरच खोटं बोलायला लागतं, गाडी मात्र ठीक असते. मोबाईलच्या जीपीएसवर वेग बघा. तेही नको असेल तर रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत घड्याळ लावा. १४४ सेकंद लागले तर वेग २५ आहे, ७२ लागले तर ५०. माझ्याकडं एक गुरुजी महिनाभर तक्रार करत होते. त्यांना दगड ते दगड पळवल्यावर ७५ सेकंद भरले. गाडी पहिल्यापासून नीट होती.

वेग ठरतो कशावर

हे जरा समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. हब मोटरमध्ये चुंबकं फिरतात आणि फिरताना ती स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करतात. चाक जितकं जोरात, तितकं हे उलटं व्होल्टेज जास्त. ते बॅटरीच्या व्होल्टेजच्या जवळ पोचलं की बॅटरीला आत करंट ढकलायला जागाच उरत नाही. तिथं वेग संपतो. म्हणून कमाल वेग बॅटरीच्या व्होल्टेजशी बांधलेला असतो. महागड्या कंट्रोलरमध्ये चुंबकांचं बळ मुद्दाम कमी पाडून त्याच्याही पुढं जायची सोय असते, पण आपल्या दुकानात येणाऱ्या साध्या गाड्यांत ती नसते असं धरून चाला.

कंट्रोलर काय करतो? बॅटरीचं व्होल्टेज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून मोटरला हवा तेवढाच वाटा देतो. रेस अर्धी, तर वाटा साधारण अर्धा. रेस पूर्ण, तर पूर्ण वाटा. वेग बांधायचा तर त्याच्याकडं दोन रस्ते आहेत. एक म्हणजे वाटा पूर्ण द्यायचाच नाही, साठ व्होल्टची मोटर तीस व्होल्टवर चालवल्यासारखी. दुसरा म्हणजे हॉल सेन्सरच्या ठोक्यांवरून फेरे मोजायचे आणि ठरलेल्या फेऱ्यांना हात आखडता घ्यायचा. आपल्याकडच्या दहा इंची चाकाचा घेर साधारण १.३ मीटर धरला, तर ताशी २५ किलोमीटरला चाक मिनिटाला ३२० फेरे मारतं. कंट्रोलरला किलोमीटर कळत नाही, त्याला हे फेरे कळतात. मोठ्या घेराचा टायर बसवला तर त्याच फेऱ्यांत गाडी थोडी जास्त धावते आणि मीटर कमी दाखवतं, ते ह्यामुळंच.

आता ह्यातून एक कामाचा हिशोब निघतो. पाच बॅटऱ्या भरलेल्या असताना मिळून ६४ व्होल्टच्या आसपास असतात. साठ व्होल्टचा कंट्रोलर साधारण ५२.५ व्होल्टला गाडी बंद करतो (हाच कटऑफ), म्हणजे बॅटरीमागे साडेदहा. अठ्ठेचाळीसवाला ४२ ला, बहात्तरवाला ६३ ला, हिशोब तोच. म्हणजे नुसतं व्होल्टेज पडून वेग फार तर पाच-सहावा भाग कमी होईल. पन्नासचे बेचाळीस होतील, चाळीस होतील. पन्नासचे पंचवीस होणार नाहीत; तेवढं व्होल्टेज पडायच्या कितीतरी आधी गाडी बंद पडलेली असेल. बॅटरी दुबळी असली की गाडी हळूहळू मंदावते, चढावर झटके देते, क्षणभर तुटते आणि परत धरते. कटऑफच्या जवळ गेल्यावर काही कंट्रोलर करंट आवरता घेतात, तेव्हा वेग तिशीत येऊ शकतो, पण तोही वर-खाली नाचतो. चढाला कमी, उताराला जास्त. उलट हुकुमाने बांधलेला वेग चढ असो, उतार असो, वारा पाठीशी असो, त्याच आकड्यावर खिळा मारल्यासारखा थांबतो.

मामांना विचारलं, "पंचवीस म्हणजे बरोबर पंचवीस, का कधी बावीस कधी बत्तीस?"

"पंचवीसच. पुलाच्या उतारालाबी पंचवीसच."

पहिला रोग वेगळा होता

एप्रिलमध्ये गाडी पहिल्यांदा मंदावली तेव्हाची हकीकत मी खोदून विचारली. तेव्हा भरल्या कॅनने येताना रखडायची, झटके मारायची. दुसऱ्या एका ठिकाणी दाखवली, तिथं कंट्रोलर बदलला. दोन दिवस गाडी दुकानातच होती. हाती आली ती पळायलाच लागली. आठवड्याभरात परत रखडली. मग कुणीतरी मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावून बघितलं तर पाचपैकी एक बॅटरी मेलेली. ती बदलली आणि गाडी सुधारली.

म्हणजे एप्रिलचा कंट्रोलर विनाकारण बदलला गेला. चार दिवस गाडी पळाली ती नव्या कंट्रोलरमुळं नाही. दुकानात दोन दिवस सलग चार्जिंगला होती म्हणून. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की चार्जर नीट भरत नाही, ही परभणी-हिंगोलीकडच्या माणसाला सांगायची गोष्ट नाही. शहरात पूर्ण भरली, म्हणून कमजोर बॅटरीनंही चार दिवस रेटलं.

बॅटरी उभ्या गाडीवर मोजून काही कळत नाही. मेलेली बॅटरीसुद्धा विश्रांतीत १२.५ दाखवते. मोजायची ती ओझ्याखाली. सीट उघडून मल्टीमीटरच्या पिना एकेका बॅटरीला लावायच्या, एकाने गाडीवर बसून पुढचा ब्रेक हलकासा धरून रेस थोडी द्यायची. (ब्रेक धरला की मोटर बंद करणारं कटऑफ स्विच आधी काढून ठेवा, नाहीतर मोटर फिरणारच नाही. काम झालं की परत लावायला विसरू नका. मी एकदा विसरलोय.) चार बॅटऱ्या साडेअकरा-बाराला राहिल्या आणि एक नऊवर कोसळली, की चोर सापडला. पाचही सारख्याच खाली आल्या तर एकतर सगळ्या म्हाताऱ्या झाल्यात नाहीतर चार्जिंगच अपुरं आहे. एक नवी आणि चार जुन्या, हा संसार फार दिवस टिकत नाही, पण पैशाची अडचण सगळ्यांनाच असते.

मल्टीमीटर लावताना त्याची लाल पिन अँपिअरच्या भोकात राहिलेली नाही ना, हे दोनदा बघा. साठ व्होल्टच्या बॅटरीवर ती चूक केली तर मीटर हातात फुटतं.

आता पावसाळ्यातली तक्रार वेगळी होती, पण लक्षणाचं नाव तेच: गाडी पळंना. म्हणून मामांना वाटलं जुनाच रोग उलटलाय.

मामांची गाडी

चाक हवेत: २७ ला अडलं. पाच बॅटऱ्या मिळून उभ्या गाडीवर ६३.८, ओझ्याखाली ६१. ताकद आहे.

मग रेस. रेसच्या मुठीत एक चुंबक आणि एक हॉल सेन्सर असतो. तीन वायरी: लाल ५ व्होल्ट, काळी निगेटिव्ह, तिसरी बहुधा हिरवी किंवा पांढरी, निरोपाची. मूठ सोडलेली असताना निरोपाच्या वायरीवर साधारण ०.८ ते ०.९ व्होल्ट, पूर्ण पिळल्यावर साडेतीनच्या वर, बऱ्याचदा ४ च्या आसपास. तपासताना चाक हवेतच पाहिजे. पूर्ण पिळूनही अडीचच्या पुढं जात नसेल तर कंट्रोलर बिचारा अर्ध्याच रेसचा निरोप वाचतोय. मूठ बदला, काम झालं. लाल वायरीवरच पाचाऐवजी चार असेल तर दोष मुठीचा नाही; त्याच पाच व्होल्टवर चालणारं दुसरं काहीतरी, बहुधा मोटरमधला हॉल सेन्सर, ते व्होल्टेज खाली ओढतंय. मामांच्या गाडीत मूठ ०.८५ ते ३.९. चोख.

मोडचं बटण. तीन वेगांच्या बटणात जादू काही नसते, मधल्या वेगाला वायर मोकळी, खालच्या-वरच्या वेगाला एकेक वायर निगेटिव्हला टेकते. बटणात पाणी किंवा धूळ गेली की ते एका बाजूलाच अडकतं. बटणाचा कपलर (वायरींचा जोड) काढून बघितला, फरक पडला नाही.

शेवटी पायाखालची पाटी उघडली. रबरी मॅट उचलताच आंबूस वास आला. पुढचा कॅन तिथंच असतो. झाकणाचं रबर गेलेलं, रस्त्यावर खड्डे आहेतच, दर फेरीला थोडं दूध हिंदकळून मॅटखाली. खाली कंट्रोलर, आणि त्याच्या शेजारी बिनवापराच्या वायरींचा जुडगा: रिव्हर्सची, अलार्मची, आणि लिमिटची. एप्रिलमध्ये बसवलेला कंट्रोलर बाजारातला, कुठल्याही गाडीला चालणारा. अशा कंट्रोलरला पन्नास प्रकारच्या वायरी असतात, अर्ध्या लागत नाहीत. बसवणाऱ्याने न लागणाऱ्या वायरींची सोललेली टोकं एकत्र धरून चिकटपट्टी गुंडाळली होती. पट्टी सुटलेली, आणि आत पिवळट चिकट थर.

लिमिटच्या वायरीचं काम असं: आतून तिला मोठ्या रेझिस्टन्समधून पाच व्होल्टचा बारीक आधार दिलेला असतो. ती निगेटिव्हला टेकली की तो आधार शून्यावर येतो आणि कंट्रोलर समजतो, वेग बांधायचाय. तिच्यातून जाणारा करंट एवढासा असतो की टेकायला तांब्याचीच वायर लागते असं नाही. आंबलेल्या दुधासारखं क्षार आणि आम्ल असलेलं पाणीही पुरतं. सकाळी येताना दूध सांडायचं, परभणीत पोचेपर्यंत खाली झिरपायचं, जाताना लिमिट लागायचं. रात्रभरात वाळलं की सकाळी गाडी परत पन्नास.

टोकं धुऊन, पुसून, सुटी केली. चाक हवेत: ६६.

इथं बरेच जण थांबतात. मी थांबत नाही, कारण वायरी हलवल्या की काही वेळा दोष आपोआप दबतो आणि आपल्याला वाटतं सापडला. शेजारच्या चहावाल्याकडून चमचाभर ताक आणलं आणि दोन उघड्या टोकांवर एक थेंब सोडला. चाक २७. पुसलं, ६६. मामा म्हणाले, "आता कळलं, गाडी दूध पिऊन माजली नव्हती, सुस्तावली होती."

बिनवापराची प्रत्येक वायर वेगळी कापली, प्रत्येकीवर वेगळी उष्णतेने आवळणारी नळी चढवली आणि टोकं खालच्या दिशेने वळवली, म्हणजे ओल वायरीवरून आत न जाता खाली ठिबकेल. कपलरच्या पिनांना व्हॅसलीनचं बोट. पूर्ण जुडग्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधायचा मोह होतो. ती पाणी आत येऊ देते आणि बाहेर जाऊ देत नाही.

एक सावधगिरी. "पांढरी वायर म्हणजे लिमिट" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. काही कंट्रोलरमध्ये पांढरी जोडी लिमिटची असते, काहींत तीच मोटर ओळखून घ्यायची असते. ती जोडली की चाक आपोआप फिरायला लागतं. कंट्रोलरवरच्या स्टिकरवर प्रत्येक वायरीचं काम लिहिलेलं असतं, ते वाचा. स्टिकर गेला असेल तर अंदाजाने वायरी एकमेकींना टेकवून बघू नका. पाच व्होल्टच्या वायरीला चुकून चावीची साठ व्होल्टची वायर टेकली की नवा कंट्रोलर खरोखर घ्यावा लागेल. आणि कुठलाही कपलर काढायच्या आधी बॅटरीचा एमसीबी (मेन स्विच) खाली पाडा, दोन-चार मिनिटं थांबा. कंट्रोलरच्या आतले वीज साठवणारे कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत.

दुपारीच मंदावते ती

एप्रिल-मेमध्ये निम्म्या तक्रारी ह्याच. हवेतल्या चाकाची चाचणी पास, सकाळी गाडी ठणठणीत, दुपारी एकनंतर रखडत. परभणीत पारा चव्वेचाळीसच्या वर जातो, डांबर त्याहून तापतं, आणि कंट्रोलर नेमका डांबराच्या जवळ, बंद पेटीत. आतल्या स्विचचा रेझिस्टन्स तापल्यावर वाढतो, त्यामुळं ते आणखी तापतात. चांगला कंट्रोलर आतलं तापमान ऐंशीच्या घरात गेलं की स्वतःला वाचवायला करंट कमी करतो. हा दोष नाही, शहाणपणा आहे. सावलीत वीस-पंचवीस मिनिटं उभी करून परत पळाली तर निदान झालं.

इलाज? कंट्रोलरच्या ॲल्युमिनियमच्या पेटीला बघा. आपली काळी माती पावसात लोण्यासारखी चिकटते आणि उन्हात सिमेंटसारखी वाळते. मागच्या पावसाळ्यातलं तिचं लिंपण पेटीवर तसंच असतं, आणि मग पेटीची उष्णता बाहेर जाणार कुठून? खरवडून काढा, पेटी गाडीच्या लोखंडाला नीट टेकलेली ठेवा. तापलेल्यावर पाणी मारू नका. ब्रेक घासत नाहीत ना तेही बघा. चाक हाताने फिरवून सोडल्यावर दोन-तीन फेरे तरी मोकळे जायला हवेत.

गुरगुरणारं चाक

हे थोडक्यात, कारण हे वेग बांधण्याचं नसून मोडतोडीचं काम आहे. मोटरमध्ये तीन हॉल सेन्सर असतात, बहुधा पिवळी, हिरवी, निळी वायर. चावी चालू ठेवून चाक हाताने हळूहळू फिरवा. प्रत्येक वायरीवर व्होल्टेज आळीपाळीने जवळपास शून्य आणि पाच व्हायला हवं. एखादी अडकून राहिली की तो सेन्सर गेला किंवा त्याची वायर तुटली. गावाकडं हे बहुतेक वेळा पंक्चरनंतर होतं: चाक काढताना किंवा नट आवळताना आसातून येणारी केबल पिळली जाते, कापली जाते. पंक्चरवाल्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याने आयुष्यभर पेट्रोलच्या गाड्याच खोलल्यात. आपणच समोर उभं राहून केबल सैल धरायची.

कंट्रोलर बदलल्यावर लगेच चाक गुरगुरत असेल, तापत असेल आणि अर्ध्याच वेगाला अडत असेल, तर तीन फेज आणि तीन हॉलच्या जोड्या जुळलेल्या नाहीत. जुन्या कंट्रोलरचे रंग नव्याला लागू पडतातच असं नाही. मोटर ओळखून घ्यायची ती मघाची वायर असेल तर ती वापरा; नसेल तर फेज तशाच ठेवून हॉलच्या सहा जुळण्या एकेक करून बघा. एकच जुळणी चाक शांतपणे पुढं फिरवते, एक तितक्याच शांतपणे उलटं. बाकीच्या जुळण्यांवर गाडी "चालते" म्हणून सोडून देऊ नका, महिन्याभरात मोटर भरायला माझ्याकडंच येईल.

"आमची पण ती वायर काढा"

मामांची वायर सुटी केली हे ऐकून त्याच आठवड्यात तिघं जण आले. तिघांच्याही गाड्या बिनपासिंगच्या, हिरवी-पांढरी कुठलीच नंबरप्लेट नसलेल्या. "आमची पंचवीसच जाती, तेवढी वायर तोडा."

तिघांनाही नाही म्हणालो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ज्या गाडीच्या मोटरची ताकद २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आहे, तिला मोटार वाहन समजलं जात नाही. म्हणून तिला नोंदणी लागत नाही, लायसन्स लागत नाही. तिची ती सवलत त्या वायरीवर टांगलेली आहे. वायर तोडली की कायद्याच्या नजरेत ती बिनपासिंगची, बिनविम्याची मोटार होते, आणि अपघात झाला तर ते सगळं चालवणाऱ्याच्या अंगावर येतं. राज्याच्या परिवहन खात्याने २०२२ मध्ये अशा फेरफार केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीमही काढली होती. ई-रिक्षालाही वेगाची मर्यादा २५ चीच आहे; सहा माणसं भरून ती चाळीसने पळवायची कल्पनाच मला नको वाटते.

शिवाय वेग दुप्पट झाला की हवेला कापायला लागणारी ताकद आठपट होते. अडीचशे वॅटची मोटर, तेवढ्याच बेताच्या बॅटऱ्या, सायकलच्या वळणाचे ब्रेक. लिमिट उघडून पस्तीसला पळवलेल्या अशा गाड्यांच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडं भरायला येतात. तांबं काळं पडलेलं असतं. मामांची गाडी वेगळी, ती पन्नासलाच पास झालेली आहे, आणि लिमिट तिला चुकून लागत होतं.

मोठ्या कंपन्यांच्या, मोबाईल ॲपवर चालणाऱ्या गाड्यांत ही वायरच सापडणार नाही. तिथं बॅटरी, मोटर आणि कंट्रोलर आपसात संदेशांनी बोलतात. बॅटरीने "मी तापलेय" म्हटलं की कंट्रोलर वेग बांधतो. मीटरवर आलेला कोड लिहून घ्या, फोटो काढा आणि त्यांच्याच सर्व्हिसला जा. मीही तेच करतो.

मामा आठ दिवसांनी परत आले, गाडी चांगली होती. पिशवीतून त्यांनी एप्रिलमध्ये काढलेला जुना कंट्रोलर काढला. भंगारवाल्याने साठ रुपये सांगितले म्हणून दिला नव्हता. लावून बघितला. चाक हवेत: ६५, मीटरही बरोबर, आणि त्याला मोकळी एकही वायर नाही, कारण तो त्याच गाडीसाठी बनलेला. तोच कायमचा बसवला. बाजारातला आता त्यांच्या घरी ज्वारीच्या कोठीवर पडून आहे. कॅनच्या झाकणाचं रबर मात्र मी सांगूनही त्यांनी अजून आणलेलं नाही.